काय बघत आलास?

नांदेडहून लातूरला निघालो की लोहा मागं पडताच मी खिडकीकडं सरकायचो. माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. बालाघाटचे बोडके डोंगर आणि मधली काळी रानं. तुझ्या घराचा जिना चढण्याआधी डोळ्यांत काहीतरी जमवायचंच, असा नेम होता. कारण पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी तू विचारायचास, "काय बघत आलास?"

जानेवारी असेल तर करडई. लांबून नुसतं पिवळं रान. बांधावर उतरून वाकलं की दिसतं, आजचं फूल पिवळं, जुनं झालेलं केशरी, सुकत आलेलं तांबडं, आणि सगळी एकाच झाडावर. हात लावावा तर पानांचे काटे. तुरीच्या पिवळ्या पाकळीमागं बारीक तांबड्या रेघा असतात, त्या मला तू दाखवल्यास. डाळीच्या पेठेत वाढलेला तू. तुरीचा भाव तोंडपाठ, तसा तिचा रंगही.

संध्याकाळी गंजगोलाईला फेरी. 1917 साली वसवलेलं ते वर्तुळ, त्याला फुटलेले 16 रस्ते, मधोमध जगदंबेचं देऊळ. उन्हं कुठल्या रस्त्याच्या तोंडाशी शेवटी रेंगाळतात, हे तुला ठाऊक. ती मिरचीच्या ढिगावर आली की बोलणं अर्धवट टाकून तू माझा दंड धरायचास. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाही रांगेतून परतल्यावर फोनवर घागरींचे रंग सांगितलेस. आवाज थकलेला होता, तरी सांगितलेस.

आता तू नाहीस. करडईही आटली, खरिपाला सोयाबीन, मागून हरभरा. रस्ता चौपदरी झाला, कडेची जुनी झाडं गेली, बांध दूर सरकले. लवकर पोचतो, याचं लोकांना अप्रूप आहे. मला तो वेग सोसत नाही.

नांदेडला पायी हिंडणं मात्र सोडलेलं नाही. हजूर साहिबला रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीचं पाणी गागरीतून नेतात. परवा ते पाहिलं. ओल्या अनवाणी पावलांचे ठसे दिव्याच्या उजेडात क्षणभर चकाकले. खिशातून फोन काढलाही होता.

तुझ्या लेकीला कळवलंय, जानेवारीत येतो. चाकूरच्या अलीकडं एका रानात अजून करडई पेरतात. तिथं गाडी थांबवू, तिला बांधावर उतरवू.