महादेवबाबाची कादंबरी

मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात आपण रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून धरतो. त्याच्या आठ वर्षे आधी, १८६३ साली, शिवकाळावरची एक तीन खंडांची कादंबरी इंग्रजीत निघाली होती. तिचे नाव ‘तारा’. नायिका तुळजापूरच्या व्यासशास्त्र्यांची तरुण विधवा मुलगी, आणि लेखक लिव्हरपूलला जन्मलेला फिलिप मेडोज टेलर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा नामांकित कादंबरीकार उमेदीची बहुतेक वर्षे आपल्या मुलखात राहिला, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

माझे गाव वाटूर. फाट्यावर उभे राहिले की एक रस्ता जालन्याला, एक मंठ्याला, एक परतूरला. गावातल्या कितीतरी घरांसारखी आमचीही कुलस्वामिनी तुळजापूरची. नवरात्रात घट बसतात, लग्न झाले की गोंधळ होतो, नवे जोडपे आईच्या पाया पडून येते. अशा घरातला माणूस ‘तारा’ उघडतो आणि पहिल्याच पानांत तुळजापूर भेटते. डोंगराच्या कुशीतले देऊळ, पुजाऱ्यांची घरे, घरातल्या बायकांची ऊठबस, देवीला वाहिलेल्या मुरळ्यांचे जिणे. हे सारे परक्या भाषेत वाचताना मला आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला. आमची आई आमच्याआधी या माणसाच्या कादंबरीत जाऊन बसली होती.

त्याचे कारण आमच्या इतिहासातच आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा सारा मराठवाडा निजामाचा. १८८४पर्यंत दरबारची भाषा फारसी, मग उर्दू. मराठी घरात, शेतात, कीर्तनात नांदत होती. छापखाने, मासिके आणि कादंबऱ्या पुण्या-मुंबईकडे होत्या. इथल्या माणसांना कथेत आणायला त्या वेळी इथे राहणारा, पण दुसऱ्या भाषेत लिहिणारा कोणीतरी लागला.

टेलरचा जन्म १८०८ चा. पंधराव्या वर्षी व्यापाऱ्याच्या पेढीत काम करायला म्हणून तो मुंबईत उतरला. पेढीचे काही खरे नव्हते. मग निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि पोरगा औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला. मोजणी, बांधकाम, कायदा, भूगर्भशास्त्र हे सगळे तो स्वतःच शिकला. इथल्या भाषाही शिकला, आणि मला वाटते त्याची खरी कमाई तीच. दुभाष्यामार्फत राज्य करणारे साहेब पुष्कळ होते. हा माणूस फिर्यादीचे म्हणणे त्याच्याच बोलीत ऐकत असे. तरुणपणी तुळजापूरच्या बाजूला पोलिसी कामावर असताना वाटसरूंच्या गायब होण्याच्या गोष्टी त्याच्या कानी आल्या. पुढे माफीच्या साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या त्याने ऐकल्या. त्यातून १८३९ मध्ये ‘एका ठगाची जबानी’ म्हणता येईल असे त्याचे पहिले पुस्तक आले. अमीर अली नावाचा ठग त्यात स्वतः बोलतो, आणि खून सांगतानाही इतक्या सभ्यपणे बोलतो की अंगावर काटा येतो. राणी व्हिक्टोरियाने ते छापून पुरे व्हायच्या आत सुटी पाने मागवून वाचले.

मला मात्र जास्त जवळचा वाटतो तो नळदुर्गचा टेलर. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख निजामाने इंग्रजांच्या हाती दिला, तेव्हा त्याने नळदुर्ग मागून घेतला. राहायला बंगला किल्ल्यातच. खाली बोरी नदी, आणि नदीवरच्या आदिलशाही बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळते तेव्हा आतल्या सज्जात बसलेला माणूस कोरडा राहतो. दिवसा जमिनीची मोजणी, साऱ्याचे हिशेब, रस्त्यांची कामे. आणि पलीकडे अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तुळजापूर. ‘तारा’ त्याने मायदेशी गेल्यावर पुरी केली, पण तिचे रंग याच किल्ल्यातून दिसणाऱ्या माळाचे आहेत. महसुलाच्या कचेरीत बसून माणसे इतकी बारकाईने पाहता येतात, हे त्याच्याकडून शिकावे.

लोक त्याला महादेवबाबा म्हणत. नळदुर्गला येण्याआधी सुरपूरच्या संस्थानात त्याने अल्पवयीन राजा वेंकटप्पा नायक याला वाढवले होते. तो पोरगा त्याला अप्पा म्हणे. १८५७ च्या धामधुमीत टेलरला बुलढाण्याला धाडले गेले, म्हणजे आमच्या जालन्याच्या शेजारीच. पुढच्या वर्षी तो तरुण राजा इंग्रजांवर उठला, पकडला गेला, शिक्षा झाली, आणि कैदेत गोळी लागून मेला. टेलरने आत्मचरित्रात हे लिहिले आहे. ज्या सरकारची त्याने चाकरी केली त्याच सरकारपुढे आपल्या मुलासारखा पोरगा हरलेला त्याला पाहावा लागला. ती पाने वाचताना साम्राज्याचा चाकर आणि बाप यांची ओढाताण लपत नाही.

‘तारा’मध्ये मराठी मनाला बोचणारे पुष्कळ आहे. नायक फाजल, अफजलखानाचा मुलगा. लेखकाचा जीव विजापूरच्या बाजूला जास्त रमतो, आणि शिवाजी महाराजांना तो इंग्रज इतिहासकारांच्या चष्म्यातून पाहतो. ते मला मान्य नाही. पण तारा, तिची आई, तिच्यामागे लागलेला मोरो त्रिमल ही माणसे कोणा साहेबाने दुरून पाहिलेली नाहीत. विधवेच्या वाट्याला येणारी घरातली कोंडी १८६३ मध्ये इतक्या आपुलकीने कादंबरीत येते, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. विधवांच्याच दुःखावरचे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. या दोन पुस्तकांमध्ये सहाच वर्षे आहेत. ती शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, आणि मराठवाड्याच्या महाविद्यालयांत तर हटकून.

१८६० मध्ये तब्येत ढासळल्यावर तो परत गेला आणि पुढची सारी वर्षे हिंदुस्थानावरच लिहीत राहिला: ‘तारा’नंतर प्लासीवर एक कादंबरी, सत्तावन्नवर ‘सीता’, शेवटी नगर-विजापूरच्या चांदबिबीवर. डोळे जाऊ लागले तेव्हा, १८७५ मध्ये, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या बोलावण्यावरून तो पुन्हा हैदराबादला आला. वय सदुसष्ट. तिथे तापाने धरले आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मांतों गावी त्याने देह ठेवला. आत्मचरित्र मुलीने दुसऱ्या वर्षी छापले, आणि चांदबिबीची कादंबरी त्यानंतर, १८७८ मध्ये निघाली.