एफ ६ दाबा, पण लगेच!

विंडोज एक्सपीच्या सीडीवरून मशीन चालू केलं की आधी निळा पडदा यायचा आणि तळाशी एक ओळ उमटायची. बाहेरच्या कंपनीचा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर टाकायचा असेल तर एफ ६ दाबा. पाच-सहा सेकंदांत ओळ गायब! आपल्यापैकी बहुतेकांनी ती ओळ शेकडो वेळा पाहिली असेल आणि एकदाही नीट वाचली नसेल. मीही तिला सिनेमाच्या आधीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटसारखंच समजायचो. ते असतं, आपण खुर्चीत नीट बसेपर्यंत संपतं.

आणि गंमत म्हणजे एफ ६ दाबलं तरी काहीच होत नाही. ना आवाज, ना 'ऐकलं हो' अशी पोच. सेटअप आपला फाईली लोड करत राहतो. मिनिटभराने, आपण आशा सोडल्यावर, तो शांतपणे विचारतो, कुठला ड्रायव्हर? मग 'एस' दाबायचं आणि ड्रायव्हर द्यायचा तो फ्लॉपीवर. सीडी नाही, पेन ड्राईव्ह नाही. ए ड्राईव्हमधली फ्लॉपीच पाहिजे!

हे सगळं मला शिकवलं २०११ च्या सप्टेंबरने. अनंत चतुर्दशी नुकतीच उलटली होती आणि नारायण पेठेतल्या आमच्या ओळखीच्या एका काकांचा फोन आला. काका डीटीपी करतात. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कुणाकुणाचे कवितासंग्रह आणि वर्षातला मोठा सीझन म्हणजे दिवाळी अंक. त्या वर्षी दोन अंकांचं काम हातात होतं, दिवाळी २६ ऑक्टोबरला, म्हणजे छापखान्यात फाईल जायला जेमतेम तीन आठवडे. आणि मशीन गेलं.

मदरबोर्ड उडाला होता, कपॅसिटर फुगून वर आले होते. हार्ड डिस्क मात्र ठणठणीत. दुकानदाराने कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं एक सेकंडहँड मशीन दिलं, काकांची डिस्क त्यात लावली, चालू केलं. एक्सपीचा लोगो आला, खालची पट्टी दोन-तीनदा सरकली आणि निळा स्क्रीन! स्टॉप, शून्य-एक्स, भरपूर शून्यं आणि शेवटी ७बी. दुकानदाराचा सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाका."

"मारू का रे?" काकांनी मला विचारलं. आवाज असा, की डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय.

"काका, थांबा. काही मारू नका. मी शनिवारी येतो."

फॉरमॅट का नको, ते सांगायला हवं. जुन्या मराठी डीटीपीत मजकूर युनिकोडमध्ये नसायचा. फाईलमध्ये साठवलेली असायची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, आणि विशिष्ट फॉन्टच्या चष्म्यातून पाहिलं की तिचं मराठी व्हायचं. काकांचा फॉन्ट आणि त्याचा कीबोर्ड ज्या माणसाने बसवून दिला होता त्याने धंदा केव्हाच बंद केला होता, सीडी हरवली होती आणि नोंदणीचा कोड फक्त त्या एका विंडोजच्या पोटात होता. म्हणजे डिस्कवरच्या फाईली वाचल्या तरी विंडोज वाचलं नाही तर सगळं मुसळ केरात. एक्सपीची मूळ सीडी मात्र काकांनी स्टिकरसकट जपून ठेवली होती. जुनी माणसं बिलं आणि खोकी फेकत नाहीत, त्याचा असा उपयोग होतो :)

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा, पण मला विचाराल तर मजा तिथेच आहे.

मशीन चालू झाल्यावर डिस्क वाचण्याचं काम आधी बायॉस करतो. एक्सपीचा लोडर हा बायॉसच्याच मदतीने कर्नल, रजिस्ट्रीचा एक भाग आणि अगदी आवश्यक ड्रायव्हर डिस्कवरून मेमरीत आणतो. इथपर्यंत सगळं छान, म्हणून तर लोगो दिसतो. मग कर्नल ताबा घेतो आणि बायॉसला सांगतो, तुम्ही आता निघा, पुढचं माझं मी बघतो. इथून पुढे डिस्कशी बोलायचं ते स्वतःच्या ड्रायव्हरने. तो ड्रायव्हर नसेल तर ज्या डिस्कवरून आपण आत्ता उठून बसलो तीच दिसेनाशी होते. ७बी चा अर्थ एवढाच: बूट करायची डिस्क सापडत नाही. वाड्याच्या रखवालदाराने आत आणून सोडायचं आणि आपण त्याला किल्ल्या न घेताच निरोप द्यायचा, तसं.

काकांच्या जुन्या बोर्डवर साटा डिस्क होती खरी, पण तो बोर्ड तिला जुन्या आयडीई पद्धतीने पुढे करायचा आणि आयडीईचा ड्रायव्हर एक्सपीत जन्मापासून आहे. नवा बोर्ड एएचसीआय नावाच्या पद्धतीने बोलत होता. एक्सपी बाजारात आलं २००१ मध्ये, एएचसीआयची व्याख्या पक्की झाली २००४ मध्ये. जन्माला न आलेल्या पाहुण्याचं पान एक्सपीने कसं वाढून ठेवावं?

सोपा उपाय बायॉसमध्ये असतो. साटाचा मोड बदलून आयडीई करायचा, संपलं. मी आधी तिथेच गेलो. पण ऑफिसवाल्या मशीनचा बायॉस भलताच कंजूष, तो पर्यायच नव्हता. म्हणजे ड्रायव्हर टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

शनिवारी पहिलं काम केलं ते म्हणजे लिनक्सची लाईव्ह सीडी लावून सबंध डिस्कची हुबेहूब प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. ८० जीबी, वेळ लागला. काकूंनी साबुदाण्याची खिचडी दिली, उपास कुणाचाच नव्हता. लिनक्सला ती डिस्क विनातक्रार दिसत होती, आणि त्यातूनच कंट्रोलरचा नंबर काढला: ८०८६ आणि २९२२. पहिला आकडा कंपनीचा. इंटेलने १९७८ मधल्या आपल्या ८०८६ प्रोसेसरची आठवण तिथे जपून ठेवली आहे, हे मला भारी आवडतं. दुसरा आकडा सांगतो की चिप आयसीएच९आर आहे आणि एएचसीआय मोडमध्ये आहे. हा नंबर आधी काढणं महत्त्वाचं, कारण फ्लॉपी घातल्यावर सेटअप एकसारख्या दिसणाऱ्या नावांची लांबलचक यादी पुढे करतो आणि त्यातलं चुकीचं निवडलं तर पुन्हा ७बी.

मग फ्लॉपीचा शोध. ड्राईव्ह काकांच्या मेलेल्या कॅबिनेटमधूनच काढला, बोर्डवर त्याचं कनेक्शनही होतं. फ्लॉप्यांचा एक डबाच निघाला, प्रत्येकीवर काकांच्या अक्षरात लेबल. पहिली फॉरमॅट होईना. दुसरी झाली, पण अर्ध्यात वाचता येईना. तिसरीवर लिहिलं होतं 'आई – पंचाहत्तरी, पत्रिका'.

मी हात मागे घेतला. काका म्हणाले, "बघ की. चालली तर घे."

आत एकच फाईल होती. ती बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, काकांना दाखवली आणि मग फ्लॉपी पुसली. ती चालली.

फ्लॉपीवर टीएक्सटी-सेटअप डॉट ओईएम नावाची फाईल थेट वरच लागते. ड्रायव्हरच्या फाईली फोल्डरसकट टाकल्या की सेटअपला काही दिसत नाही, तो फोल्डर उघडून बघायची तसदी घेत नाही. सीडी लावली, एफ ६ दाबलं, वाट पाहिली, 'एस', यादीतून आपलं नाव. पुढच्या पडद्यावर 'आर' दाबायचा मोह होतो, कारण तिथे रिपेअर लिहिलेलं असतं. तो आर नव्हे! तो रिकव्हरी कन्सोलमध्ये नेतो. एंटर, मग एफ ८ दाबून करार मान्य, सेटअपला जुनं विंडोज सापडतं आणि तेव्हा आर. तोच आपला. प्रोग्राम तसेच ठेवून फक्त विंडोज पुन्हा बसवणारा. आणि फ्लॉपी तोवर काढायची नाही, फाईली कॉपी करताना तो पुन्हा मागतो.

त्या फ्लॉपीचा घर्रर्र घर्रर्र आवाज चालू असताना खोलीत कुणी बोललं नाही. रीस्टार्ट झालं. लोगो आला, पट्टी सरकली, सरकतच राहिली... काकांनी माझा दंड धरला होता, ते नंतर कळलं.

ॲक्टिव्हेशन पुन्हा मागितलं, ते फोनवर लांबलचक आकडे सांगून झालं. मग काकांनी दिवाळी अंकाची फाईल उघडली. संपादकीय होतं, अर्ध्या वाक्यात थांबलेलं. त्यांनी काहीही न बोलता चष्मा पुसला आणि पुढचा शब्द टाईप केला. दोन्ही अंक वेळेत गेले.

त्याच सुमारास व्हिस्टा आणि सात वापरणारे लोक सेटअपच्या मध्यात पेन ड्राईव्ह लावून ड्रायव्हर देत होते, माऊसने! फ्लॉपीची सक्ती व्हिस्टाने उठवली, त्या बिचाऱ्या व्हिस्टाला एवढं श्रेय तरी द्याच.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला, त्या आठवड्यात मी काकांच्या मशीनची नेटची वायर काढली. पीडीएफ पेन ड्राईव्हवरून दुसऱ्या मशीनवर न्यायची, असं ठरलं. नवी कामं ते तोवर युनिकोडमध्ये करू लागले होते, जुनी उघडायलाच एक्सपी लागायचं. २०१७ मध्ये ते मशीनही थकलं, तेव्हा सगळं विंडोज उचलून एका व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवलं. तिथे स्टोरेज कंट्रोलर निवडायची यादी असते. मी त्यातला जुना आयडीई निवडला, सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला. एक्सपी पहिल्या फटक्यात उठलं. "या वेळी फ्लॉपी नाही लागली?" काकांनी विचारलं. नाही म्हटलं. ते जरा हिरमुसले असं मला वाटलं. पंचाहत्तरीचं लेबल असलेली ती फ्लॉपी, ड्रायव्हरसकट, अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.