पहिली चूक
सी भाषेत एक अर्धविराम राहिला, तर कंपायलर कधीकधी पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो; महिरपी कंस सुटला, तर चुकांची रांगच लागते. नवशिका विद्यार्थी मात्र यादीतली शेवटची चूक घेऊन मदत मागतो. पहिली वाचावी, तिच्या आधीची ओळ पाहावी, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. पुढे कंपायलरने व्याकरण मान्य केले, तरी लिंकर अडवतो: वापरलेले नाव घोषित आहे, त्याची व्याख्या कुठेच नाही.

आम्हां साहित्याच्या अध्यापकांना हे सारे ओळखीचे वाटते. प्रकल्पाला विषय मागणारे तिकडे, प्रबंधाला मागणारे इकडे. ‘आधुनिकता’ हा शब्द व्याख्येवाचून शुद्ध वाक्यांत पेरलेला आम्ही नित्य वाचतो. पण आमच्याकडे लिंकर नाही. असे प्रबंध बिनबोभाट मान्य होतात.