पायातला ताल

घानाच्या आग्नेय किनाऱ्यावर, केटाच्या आसपास, एवे लोकांचं ‘आग्बाद्झा’ नावाचं नृत्य आहे. सणासुदीला नाचतात, मयतानंतरच्या विधींतही नाचतात. जुन्या युद्धनृत्यातून ते निघालं म्हणतात, पण लढाईचा आवेश आता त्यात उरलेला नाही. गुडघे जरासे वाकलेले, धड पुढे झुकलेलं, कोपरं बाहेर. आणि खांद्यांची पाती मागे ओढली जातात, सैल सुटतात, पुन्हा ओढली जातात. म्हातारी माणसंही तेवढ्याच झोकात नाचतात, किंबहुना जास्तच, कारण उगाच हातपाय झाडायची हौस त्यांची फिटलेली असते.

या सगळ्याला धरून ठेवते ती एक लोखंडी घंटा. तिचं नाव गांकोग्वी. एकाखाली एक अशी दोन तोंडं, काठीनं वाजवायची. बारा मात्रांच्या आवर्तनात तिचे आघात सात: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. वाचताना हे सोपं वाटतं. वाजवून पाहावं. पाचवी-सहावी लागोपाठ येतात, बारावी संपते न संपते तोच पहिली येऊन आदळते. आणि नाचणाऱ्यांची पावलं? ती पडतात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर. म्हणजे अख्ख्या आवर्तनात घंटा आणि पाऊल दोनदाच भेटतात. बाकी वेळ दोघं एकमेकांना चुकवत, पण एकमेकांच्या भरवशावर चालतात. वर मण्यांची जाळी ओवलेला भोपळ्याचा खुळखुळा, बारीक आवाजाचा कागानू, त्याच्या खालचा किडी, आणि सगळ्यांशी बोलणारा सोगो. प्रत्येकाची सुरुवात निराळी. आमच्यासारख्या, लेहऱ्यावर समेची वाट पाहायला शिकलेल्या कानाला इथे पाय ठेवायला जागा सापडत नाही. जागा आहे, पण ती नाचणाऱ्याच्या तळपायाखाली. नुसतं ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला ती कशी दिसावी?

1970च्या उन्हाळ्यात स्टीव्ह राइश हा अमेरिकी संगीतकार ढोल शिकायला अक्राला गेला. शिकवणारे होते गिडिऑन आलोरवोयी, घानाच्या नृत्यसंस्थेचे मुख्य वादक. पुढे ते अमेरिकेत, नॉर्थ टेक्सास विद्यापीठात शिकवू लागले. राइशला मलेरियानं गाठलं आणि पाचेक आठवड्यांतच त्याला परतावं लागलं. एवढ्यात कुणी ढोलवादक होत नाही, आणि तो झालाही नाही. त्याचं शहाणपण हे, की त्यानं आफ्रिकेचे आवाज उचलले नाहीत. उचलली ती बांधणी: एकाच वेळी अनेक आवर्तनं, प्रत्येकाची पहिली मात्रा वेगळी.

त्यातून 1971 मध्ये ‘ड्रमिंग’ तयार झालं. सुरात लावलेले बोंगो, मरिंबा, ग्लॉकेनश्पील, दोन स्त्रियांचा आवाज, शीळ, पिकोलो. आणि तासभर टिकणारं, बारा मात्रांचं एकच बीज. सुरुवातीला तर बीजही नाही. बारा मात्रांत एक आघात, बाकी अकरा रिकाम्या. तो पुरेसा घुमला की दुसरा आघात येतो, एका रिकाम्या मात्रेची जागा घेतो. मग तिसरा. रिकाम्या जागा हळूहळू भरत जातात आणि कान उतावीळ होतो. आकृती पुरी झाली की एक वादक आपली लय अगदी केसभर वाढवतो. आवाज फाटतो, गढूळ होतो, दोन-चार क्षण काहीच ओळखू येत नाही. आणि तो दुसऱ्याच्या पुढे बरोब्बर मात्रेवर जाऊन बसला की सगळं पुन्हा लख्ख.

हे सरकणं मात्र एवे लोकांचं नाही. ते राइशला 1965 मध्येच सापडलं होतं, टेपची दोन यंत्रं एकमेकांपासून निसटत गेली तेव्हा. आफ्रिकी संगीताचं पाश्चात्त्य रूप म्हणून ‘ड्रमिंग’ची ओळख करून देतात, ती मला अर्धीच पटते. एवे घंटावाला रात्रभर जागचा हलत नाही. तो हलला तर नाचणारे पडतील. राइशच्या वादकांना सरकता येतं, कारण त्यांच्यासमोर कुणी नाचत नसतं. नृत्य गळलं म्हणून ही मोकळीक मिळाली. ते तोट्याचं की फायद्याचं, माझं अजून ठरत नाही.

पण नृत्य गप्प बसत नाही. 1982 मध्ये ब्रसेल्सला आन टेरेसा द केर्समाकर या नृत्यरचनाकार बाईंनी राइशच्या चार रचनांवर ‘फाझ’ केलं. त्यातली एक होती ‘क्लॅपिंग म्युझिक’, नुसत्या चार हातांची. दोन माणसं, बारा मात्रा, आठ टाळ्या. एकजण तसाच राहतो, दुसरा थोड्या थोड्या वेळानं एकेक मात्रा पुढे उडी मारतो आणि शेवटी मूळ जागी येतो. 1998 मध्ये त्यांनी ‘ड्रमिंग’ही नाचायला घेतलं. ज्या पायांवाचून हे संगीत उभं राहिलं होतं, ते पाय आले. फक्त ते आता केटाचे नव्हते.

माझी भाची कथक शिकते. मागच्या गणपतीत तिला बोंगोंचा तो सुरुवातीचा भाग ऐकवला. थोडा वेळ मान डोलावून ती उठली आणि तत्कार करू लागली, घुंगरांशिवाय, फरशीवर. मी इकडे टेबलावर बोटांनी मात्रा धरली होती. तिची टाच माझ्या बोटाशी जुळेना.

“मावशी, सम इथे आहे,” ती पाय आपटून म्हणाली.

“अगं, तिथे तिसरी मात्रा आहे.”

“मग तू नाचून दाखव!”

मी टेबलावरच बोटं आपटत राहिले, ती तिच्या जागेवरून हलली नाही. आणि बोंगो दोघींनाही चालवून घेत पुढे निघाले होते.