आईच्या खोलीतली वायर

आमच्या वस्तीत पहिला टेलिफोन आला तो आमच्या घरी, १९९८ साली. वडील रेल्वेत गँगमन होते. अर्ज करून चार वर्षे झाली होती आणि आम्ही ती गोष्ट जवळजवळ विसरून गेलो होतो. एके दिवशी लाईनमन खांबावरून काळी वायर ओढत दारात आला, तेव्हा आईने त्याला आधी जेवायला बसवले आणि मग काम करू दिले.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना पी.पी. नंबर आठवत असेल. स्वतःकडे फोन नसला की शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि त्यापुढे पी.पी. असे लिहायचे. आमचा नंबर श्रीरामपूरच्या या वस्तीतल्या पंचवीस-तीस घरांचा पी.पी. होता. मुंबईहून, पुण्याच्या कारखान्यांतून फोन यायचे आणि आई पदर सावरीत गल्लीतून हाका मारीत जायची. नोकरीचा कॉल, बाळंतपण, मयत, सगळे त्या एका तारेवरून वस्तीत आले. पुढे २०११ मध्ये त्याच तारेवर मी ब्रॉडबँड घेतले, तेही आमच्या एकट्याचे राहिले नाही हे ओघानेच आले.

मी बी.कॉम. होऊन क्लार्कची नोकरी करतो. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या मुलामुलींचे अर्ज भरून देतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे; बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. आमच्या वस्तीत जो कोणी दहावीच्या पुढे गेला तो याच पैशावर गेला. पूर्वी अर्ज कागदावर भरून कॉलेजच्या खिडकीत द्यायचा असे. रांग मोठी असायची, पण निदान रांगेत उभे तरी राहता येत असे. २०१७-१८ पासून अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे संगणकावर गेला आणि आमच्या घरची लाईन हीच खिडकी झाली.

आणि ती लाईन रडत होती. सकाळी बरी चालायची, दुपारी रेंगाळायची, संध्याकाळी मॉडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकून विझायचा. पावसाळ्यात तर विचारूच नका. मी तक्रारी लिहिल्या. दोन वर्षांत अकरा तक्रारी, सगळ्यांच्या प्रती फायलीत. दर वेळी कोणीतरी यायचे, रिसीव्हर कानाला लावायचे, "फोन तर चालतोय" म्हणायचे आणि सही घेऊन जायचे. मी वस्तीत सांगत फिरायचो की गरिबांच्या वस्तीला कोणी विचारत नाही. ते सर्वस्वी खोटे होते असे आजही म्हणणार नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात वस्तीतली एक मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरायला आली. वडील मार्केट यार्डात हमाल, आई धुणीभांडी करणारी. मुदतीचा शेवटचा दिवस होता, कारण जातीचा दाखला त्याच दुपारी हातात पडला होता. संगणक, स्कॅनर सगळे घरच्या लाईनला जोडलेले. मोबाईलवरचे नेट होते, पण संध्याकाळी आमच्या भागात टॉवरवर इतकी गर्दी व्हायची की त्याचाही भरवसा नसे. आम्ही सात वाजता बसलो. माहिती भरली गेली. कागदपत्रे चढवायची वेळ आली आणि गाडी थांबली. पट्टी अर्ध्यावर यायची, दिवा विझायचा, पुन्हा पहिल्यापासून. तिच्या आईच्या मोबाईलवर ओटीपी येऊन शिळा होत होता. साडेअकराला मुलगी म्हणाली, "काका, राहू द्या." मी राहू दिले नाही, पण बारा वाजून गेले.

पुढे मुदत वाढली आणि तिचा अर्ज गेला. पण ते आठ-दहा दिवसांनी. तोवर कॉलेजने फी मागितली आणि तिच्या आईने कानातली फुले गहाण ठेवली. मला हे दिवाळीला कळले.

त्याच आठवड्यात माझ्या बाराव्या तक्रारीवर एक वयस्क लाईनमन आले. निवृत्तीला वर्षभर राहिले असेल. त्यांनी रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला, म्हणजे डायलटोन बंद होतो, आणि नुसते ऐकत राहिले. मग माझ्या कानाला लावला. लांब कुठेतरी तेलात मोहरी तडतडावी तशी खरखर. "ही ऐकायची असती, भाऊसाहेब. बोलताना कळत नाही."

नंतर ते अंगणात गेले. वायर जिथे भिंतीतून घरात शिरते तिथली जुनी डबी उघडली, घरातली सगळी वायरिंग तिथून सोडवली आणि मला मॉडेम तिथेच आणायला लावला. उंबऱ्यात स्टूल मांडून, त्यावर मॉडेम ठेवून थेट खांबावरून आलेल्या दोन तारा जोडल्या. दिवा लागला आणि लागूनच राहिला. पाऊस भुरभुरत होता तरी लागून राहिला.

"हितवर लाईन ठीक हाये. खराबी घरात हाये."

मला ते पटेना. अकरा तक्रारींची फाईल माझ्या हातात होती. मग त्यांनी घरातली एकेक तार परत जोडायला घेतली. पुढच्या खोलीची जोडली, दिवा तसाच. दुसरी जोडली आणि दिवा लुकलुकला. ती तार कुठे जाते म्हणून आम्ही दोघे तिच्या मागे गेलो. खिडकीखालून, पन्हाळीच्या कडेने ती आईच्या खोलीत जात होती.

ती वायर मी स्वतः ओढली होती, २००६ साली. आईचे गुडघे गेले होते, पुढच्या खोलीपर्यंत यायला तिला वेळ लागायचा आणि तोवर कल्याणच्या बहिणीचा फोन कटून जायचा. बाजारातून दाराच्या घंटीची साधी वायर आणली, खिडकीखाली मूळ तारेला पीळ देऊन जोडली, वर टेप गुंडाळला. आईच्या पलंगाजवळ लाल संच बसवला. २०१३ मध्ये आई गेली. संच तसाच राहिला आणि तारही. टेप कधीच सुटला होता. पीळ दिलेल्या ठिकाणी तांबे हिरवे पडले होते आणि पन्हाळीचे पाणी नेमके त्यावर ठिबकत होते.

मामा (मी त्यांना तोवर मामा म्हणू लागलो होतो) चहा पिता पिता सांगू लागले. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्याने बाहेरचा विजेचा गोंगाट दोघींवर सारखा पडून कटून जातो. ही युक्ती टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलचीच. त्याने १८८१ साली तिचे पेटंट घेतले होते. माझ्या घंटीच्या वायरीला तसा पीळ नव्हता, म्हणजे घरातला सगळा गोंगाट मी दहा-बारा वर्षे पाहुण्यासारखा आत घेत होतो. शिवाय टोकाला काही काम न करणारी तार मूळ लाईनला लोंबत ठेवली की संदेश तिकडेही जातो, टोकाला आपटून परत येतो आणि खऱ्या संदेशात कालवतो.

मग फोनवर बोलणे नीट का व्हायचे, हे मी विचारले. माणसाचे बोलणे चार हजार हर्ट्झच्या आत मावते. ब्रॉडबँड त्याच तारेवर पंचवीस हजारांच्या पुढून सुरू होऊन बावीस लाखांपर्यंत जातो. गंजलेल्या जोडाचा त्रास खालच्या सुरांना फारसा जाणवत नाही, वरच्यांना जाणवतो. म्हणून "फोन तर चालतोय" हे खरे होते आणि निरुपयोगीही होते. एकाच लाईनवर दोन्ही चालायचे तर मध्ये स्प्लिटर नावाची डबी लागते. ती मी मॉडेमजवळ लावली होती, पण आईचा संच तिच्या बाहेर, सरळ लाईनवर होता.

मामांनी पक्कड काढली. मी म्हणालो, मी कापतो.

त्यांनी जाताना आणखी एक गोष्ट शिकवली, ती क्लार्क माणसाला फार आवडली. संगणकावर १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला की मॉडेमचे स्वतःचे पान उघडते. त्यात दोन आकडे पाहायचे. एक अटेन्युएशन, म्हणजे केंद्रापासून घरापर्यंत येताना संदेश किती झिजला. तो अंतरावर ठरतो. आमचा ४२ डेसिबल होता आणि वायर कापल्यावर ४० झाला. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर संदेश किती शिल्लक राहिला. तो सहाच्या खाली गेला की लाईन तुटू लागते. आमचा त्या दिवशी चार होता, वायर कापल्यावर तेरा झाला. मी तारीख, वेळ, हवा, दोन्ही आकडे आणि वेग अशी वही घातली. सकाळ-संध्याकाळ, आवक-जावक रजिस्टरासारखी.

आवक-जावक हा शब्द इथे शोभेसाठी नाही. या तारेवरच्या ब्रॉडबँडची रचनाच अशी की आवक मोठी आणि जावक लहान. उत्तम तारेवर, केंद्राच्या जवळ, आवक २४ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकते. जावक जेमतेम एक. बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते की घरातली माणसे घेणारी असतात, पाठवणारी नाहीत. सिनेमा पाहणाऱ्याला ते चालते. पण अर्ज भरणाऱ्याचे सगळे काम जावकीचे. शिवाय एमबीपीएसमधला 'बी' हा बिट असतो आणि फाईलच्या एमबीतला बाइट, म्हणजे आठपट. दोन एमबीचे कागद म्हणजे सोळा मेगाबिट. जावक ५१२ केबीपीएस असेल तर अर्धा मिनिट. त्या रात्री आमची जावक साठ-पासष्टवर आली असावी. म्हणजे चार मिनिटांच्या वर, आणि दिवा चार मिनिटे टिकत नव्हता. हिशोब मला येत होता. मांडला मात्र कधी नव्हता.

वहीचा उपयोग पुढच्याच महिन्यात झाला. घरात काही दोष उरला नव्हता, तरी जोराचा पाऊस आला की मार्जिन सातवर यायचे आणि ऊन पडले की पुन्हा तेरा. आता मी तक्रार लिहिली ती तीन ओळींची: घरातली वायरिंग सोडवून थेट लाईनवर तपासले, या तारखांना हे आकडे, पाऊस असताना हे आणि नसताना हे. खाली वहीच्या दोन पानांची प्रत. तिसऱ्या दिवशी दोघे आले, खांबावरची डीपी उघडली, आत पाणी निघाले. त्यांनी जोड कापून जेली भरलेला नवा जोड टाकला आणि केबलमधली आमची जोडी बदलून दिली. माझ्या आधीच्या अकरा तक्रारींत अन्याय, दुर्लक्ष, वस्ती हे सगळे होते. आकडा एकही नव्हता.

त्या मुलीच्या आईकडे मी गेलो आणि खरे काय ते सांगितले, की दोष माझ्या घरात होता. ती म्हणाली, "दादा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?" फुले सोडवायचे व्याज मी देतो म्हणालो, तर तिने ऐकले नाही. शिष्यवृत्ती जमा व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला, तेव्हा ती सुटली. मुलगी नर्स झाली; २०२१ मध्ये कोविडच्या वॉर्डात होती.

आता सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी दोन एमबीपीएस. २०२३ साली तसे ठरले. २००४ मध्ये २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणत. आमच्या गल्लीत २०२२ मध्ये फायबर आले. काचेच्या तंतूला गंज चढत नाही आणि त्यातून उजेड जातो म्हणून विजेचा गोंगाटही लागत नाही. पण नेट रेंगाळले की मुले अजून कंपनीला शिव्या देतात आणि मी अजून आधी लॅनची वायर थेट जोडून बघायला सांगतो. दहात सहा वेळा दोष घरातल्या वायफायचा निघतो, भिंतीआड ठेवलेल्या डबीचा.

आईच्या खोलीतला लाल संच भिंतीवर आहे. वायर काढली, तो काढायला हात झाला नाही.

ज्यांच्या घरी अजून तांब्याचीच लाईन चालू आहे आणि दिवा लुकलुकतो, त्यांनी आधी रिसीव्हर उचलून एक आकडा दाबावा आणि शांतपणे ऐकावे. खरखर आली तर घरातल्या जुन्या, विसरलेल्या तारा शोधाव्यात. वस्तीतल्या कोणाला एकट्याने जमत नसेल तर रविवारी सकाळी निरोप द्यावा, मी पक्कड घेऊन येतो.