वरची काच

माशांची टाकी घेताना माणूस चारही बाजूंच्या काचा टिचकी मारून बघतो. पाचवी काच, म्हणजे दिवा आणि पाणी यांच्या मधली, बहुतेकांना नंतर आठवते. मग पॅकिंगचा प्लॅस्टिकचा तुकडा, नाहीतर फोटोफ्रेमची काच, असं काहीबाही वर येऊन बसतं.

झाकण लागतं हे तर उघडच आहे. हवेच्या दगडातून सुटलेला प्रत्येक बुडबुडा वर येऊन फुटतो, तुषार उडवतो, आणि एलईडीच्या पट्टीला ते मानवत नाहीत. हॅचेटफिशसारखे मासे उडी मारण्यात पटाईत. फायटर मासा वर येऊन हवा घेतो. झाकणाखालची हवा ओलसर, उबदार असली तर ती त्याला सोसते. प्रश्न उरतो तो कशाचं झाकण घ्यायचं, हा.

दुकानदार हमखास अ‍ॅक्रिलिक पुढे करतो. हलकं, फुटायची भीती कमी. दोन फूट बाय एक फुटाची 4 मिमी काच जवळजवळ दोन किलो भरते, अ‍ॅक्रिलिक त्याच्या निम्म्याहून कमी. स्वच्छ अ‍ॅक्रिलिक 92 टक्के प्रकाश सोडतं, साधी काच त्याच्या जरा मागे. आत शिरताना सुमारे 4 टक्के आणि बाहेर पडताना तेवढाच प्रकाश उलटा फिरतो; त्यातून दोघांचीही सुटका नाही. आकडेच बघायचे तर अ‍ॅक्रिलिक जिंकलं.

टाकीवर मात्र त्याची एक बाजू सतत ओलीत आणि दुसरी कोरड्या हवेत. अ‍ॅक्रिलिक थोडंसं पाणी पितं. खालचं अंग फुगतं, वरचं फुगत नाही, आणि उन्हात टाकलेल्या पापडासारखे त्याचे कोपरे वर उचलले जातात. काही जण ते अधूनमधून उलटं करून ठेवतात. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच! शिवाय अ‍ॅक्रिलिकवर चरे पटकन पडतात. आणि इथे चरे पडणारच, कारण घासल्यावाचून गत्यंतर नाही.

काचेच्या खालच्या बाजूला लोंबणाऱ्या थेंबांना आपण उगाच बदनाम करतो. ते वाफेचे, म्हणजे गाळीव पाण्यासारखे. वाळले तर डाग ठेवत नाहीत. डाग पडतात ते तुषारांचे. त्यांत टाकीचंच पाणी असतं, क्षारांसकट. म्हणून पांढरा थर नेमका हवेच्या दगडाच्या डोक्यावर धरतो, आणि घरात बोअरचं पाणी असेल तर भराभर धरतो. उरलेल्या भागावर हिरवं शेवाळ येतं. का नाही येणार? दिव्याच्या इतकं जवळ, आणि कायम ओलं! वनस्पती मलूल झाल्या की लोक जास्त वॉटचा दिवा आणतात. वरची काच पुसून बघणारा विरळा.

मला विचाराल तर साधी काच. पांढऱ्या व्हिनेगरनं क्षार सुटतात, उरलेलं ब्लेडनं खरवडता येतं, आणि काचेला त्याचं काही वाटत नाही. काचवाला ‘एक्स्ट्रा क्लिअर’ दाखवतो, कमी लोहाची. साध्या काचेची हिरवट झाक लोहामुळे असते हे खरं, पण ती कडेनं पाहिलं तर डोळ्यांत भरते. 4 मिमी जाडीतून आरपार जाताना फारशी जाणवत नाही. तेवढ्या पैशांत टाकीत लावायला जावा मॉस येईल.

माशाची बाजूही बघावी. संथ पाण्यातून वर पाहणाऱ्याला बाहेरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या गोल झरोक्यात गोळा झालेलं दिसतं. सपाट काच मधे आली म्हणून तो झरोका लहान होत नाही. काचेतून निघालेला किरण आला त्याच दिशेनं पुढे जातो. तळाच्या वाळूवर नाचणारी उजेडाची जाळी लाटांची असते, तीही तशीच राहते. दुधी पत्रा टाकला तर ती जाते, आणि काचेवर क्षार साचू दिले तरीही.

काच दोन तुकड्यांत घ्यावी, म्हणजे खाणं टाकताना सगळं झाकण उचलावं लागत नाही. कडा घासून घ्याव्यात. टफन्ड, म्हणजे भट्टीत कडक केलेली काच हवी असेल तर नळी आणि वायर कुठून जाणार ते आधी ठरवावं. एकदा भट्टीतून निघाली की तिचा कोपरा कुणालाही कापता येत नाही.