थंड समुद्रातील पोहणे आणि लोकवर्गणी

ब्रिटिश बेटांच्या किनाऱ्यावर नाताळ ते नववर्षदिन या आठवड्यात समुद्रात उतरून सार्वजनिक कामासाठी पैसा उभा करण्याची जी प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली, तिच्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष आधी चित्रविचित्र पोशाखांकडे जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र हा प्रकार इंग्लिश खाडी पोहण्याइतकाच गंभीरपणे अभ्यासण्याजोगा आहे, कारण खाडी पोहणाऱ्याने थंडीचा दीर्घ सराव केलेला असतो, तर येथे उतरणाऱ्यांपैकी कित्येकांनी उन्हाळ्यानंतर समुद्राला पायही लावलेला नसतो. वेल्सच्या नैर्ऋत्येकडील टेन्बी या गावात 1970 पासून 26 डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, नॉर्थ बीच या पुळणीवर असा मेळा भरतो. गावातल्याच सागरी जलतरण मंडळाचे स्वयंसेवक तो चालवतात, वाळूवर शेकोटी पेटते आणि जमलेला पैसा धर्मादाय संस्थांना जातो. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या साउथ क्वीन्सफेरी येथे फोर्थच्या खाडीत 1 जानेवारीला होणारा ‘लूनी डूक’ 1980च्या दशकात, आदल्या रात्रीच्या मद्यावरचा उतारा म्हणून थट्टेत सुरू झाला आणि लवकरच मदतनिधीशी जोडला गेला.

या दिवसांत वेल्सच्या किनाऱ्यावर पाणी साधारण 9 ते 10 अंश सेल्सिअस, तर स्कॉटलंडच्या पूर्वेस 6 ते 7 अंशांपर्यंत उतरलेले असते. जागतिक जलतरण महासंघ 16 अंशांखालच्या खुल्या पाण्यात स्पर्धाच घेऊ देत नाही, आणि कोकणात ऐन जानेवारीतही समुद्र 25 अंशांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ मराठी वाचकाला नीट कळेल. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते. परंतु त्यावरून माणूस गारठून मरतो असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो अशा छोट्या उपक्रमांपुरता चुकीचा आहे. शरीराच्या गाभ्याचे तापमान 35 अंशांखाली जाणे म्हणजे हायपोथर्मिया, आणि प्रौढ माणसाला तेथवर पोहोचायला बर्फाळ पाण्यातही बहुधा अर्धा तास लागतो. या मेळ्यांतले बहुतेक लोक पाच मिनिटांच्या आत बाहेर आलेले असतात.

धोका त्याच्या कितीतरी आधी असतो. त्वचा एकाएकी थंड पडली की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्याला दहा सेकंदही तो रोखता येत नाही. या प्रतिक्रियेला ‘शीतधक्का’ म्हणता येईल. पोर्ट्समथ विद्यापीठातील माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसते की हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात कळसाला पोहोचतो, दोन-तीन मिनिटांत ओसरतो, आणि 10 ते 15 अंशांच्या पाण्यातच तो जवळपास पूर्ण जोर धरतो. म्हणजे ‘फार थंड नाही’ हा दिलासा फसवा आहे. त्या पहिल्या श्वासाच्या क्षणी तोंड लाटेखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. शिवाय थंडी हृदयाचा वेग वाढवत असताना चेहरा पाण्यात गेला की दुसरी मज्जासंस्था तोच वेग कमी करू पाहते, आणि या ओढाताणीत हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे गुडघा, कंबर, छाती अशा क्रमाने सावकाश उतरणे आणि श्वास ताब्यात येईपर्यंत न पोहणे हा नियम मुख्य ठरतो. धावत जाऊन सूर मारण्याचे दृश्य छायाचित्रकारांना कितीही आवडो, आयोजकांनी ते होऊ देऊ नये. ब्रिटन व आयर्लंडच्या किनाऱ्यांवर 1824 पासून जीवरक्षक नौका चालवणारी आरएनएलआय ही संस्था, जी स्वतःही देणग्यांवर चालते, पाण्यात पडलेल्यांना आधी उताणे तरंगत राहण्याचा सल्ला देते, तोही याच शास्त्रावर आधारलेला आहे.

दिलासादायक बाब एवढीच की शीतधक्का सरावाने बोथट होतो. थंड पाण्यात काही मिनिटे उतरण्याचे पाच-सहा प्रसंग झाले की त्याची तीव्रता निम्म्यावर येऊ शकते आणि तो परिणाम काही महिने टिकतो. गारठलेल्या नॉर्थ चॅनेलसह सात खाड्या व सामुद्रधुन्या पोहून 2018 मध्ये ओशन्स सेव्हन हे आव्हान पूर्ण करणारे पुण्याचे रोहन मोरे यांच्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या जलतरणपटूंनाही ही सवय जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते. धर्मादाय मेळ्याच्या जाहिरातीत ‘कोणीही यावे’ असे लिहिणारे आयोजक आधीचे दोन महिने दर आठवड्याला सामूहिक सराव ठेवतील, तर त्यांचे निम्मे काम तेथेच होईल.

निधी जमवण्याची रीत मात्र या शास्त्राच्या विरुद्ध जाऊ शकते. सहभागी माणूस शेजारी, सहकारी आणि नातलग यांच्याकडून ‘मी उतरलो तर एवढे द्या’ असे वचन घेतो. ब्रिटनमध्ये 1990 पासूनच्या ‘गिफ्ट एड’ योजनेमुळे करदात्याच्या प्रत्येक पौंडावर संस्थेला सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात, त्यामुळे शब्द पाळण्याची भीड अधिकच वाढते. ही वर्गणी अंतराला किंवा पाण्यातल्या मिनिटांना बांधली गेली की दम लागलेला, हात जड झालेला माणूस परत फिरण्याऐवजी पुढच्या बोयाकडे पाहू लागतो. थंडीने आधी दंडाचे व मनगटाचे स्नायू निकामी होतात, हातांचे फटके आखूड व भरभर पडू लागतात, पाय खाली जाऊन शरीर उभे होते. आपला वेग ओसरल्याचे पोहणाऱ्याला सर्वांत शेवटी कळते. म्हणून देणगी नाव नोंदवण्याला जोडावी, अंतराला नव्हे, आणि काठावरून परतणाऱ्यालाही तेच पदक द्यावे. याने कार्यक्रमातली मजा जाते असे काहींचे म्हणणे असते; ते मान्य करण्यासारखे नाही.

किनाऱ्यावरची व्यवस्था त्यामानाने सोपी आहे: भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून वेळ ठरवणे, छातीभर पाण्यात अनुभवी माणसांची रांग उभी करणे, बाहेरच्या बाजूला कयाक ठेवणे, सहभागींना तुकड्यांनी सोडणे, गडद रंगाऐवजी भडक टोप्या देणे आणि आत गेलेल्यांची संख्या बाहेर आलेल्यांशी ताडून पाहणे. वारा किनाऱ्याकडे जोराचा असेल तर कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे हवा, आणि त्या व्यक्तीकडे निधीचा हिशेब नसावा.

ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तो टप्पा बाहेर आल्यावरचा आहे. पाण्याचा दाब सुटताच रक्त पायांकडे उतरते आणि भोवळ येऊ शकते. शिवाय आतली उष्णता थंड पडलेल्या बाह्य थरांकडे वाहत राहिल्याने गाभ्याचे तापमान आणखी वीस-तीस मिनिटे घसरू शकते, ज्याला आफ्टरड्रॉप म्हणतात, आणि म्हणूनच जास्त वेळ पोहलेल्याला हुडहुडी पाण्यात नव्हे, कपडे बदलताना भरते. अशा वेळी कडक गरम पाण्याचा शॉवर घातक ठरू शकतो, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या एकदम सैलावून रक्तदाब कोसळतो. ओले कपडे आधी काढणे, कोरडे थर चढवणे, डोके झाकणे, गोड गरम पेय घोटाघोटाने पिणे आणि निदान अर्धा तास गाडी न चालवणे, हे पाळायला अवघड नाही. मद्य मात्र, लूनी डूकच्या उगमाची कथा काहीही सांगो, आधीही नको आणि नंतरही नको.